ब्रेन ट्यूमरच्या रिपोर्टमधलं 'आयडीएच म्युटंट' म्हणजे काय?

जळगाव किंवा धुळ्यात ऑपरेशन होतं, गाठीचा तुकडा तपासणीला जातो आणि रिपोर्टमध्ये येतं : 'ग्लायोमा, आयडीएच म्युटंट'. जनुकात बदल म्हटल्यावर घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, मग हे मुलांनाही होणार का?

बहुतेक वेळा नाही. हा बदल आईवडिलांकडून आलेला नसतो. तो मेंदूतल्या एखाद्या पेशीत नंतर कधीतरी घडतो आणि गाठीपुरताच राहतो.

आयडीएच१ या जनुकावरून पेशीत एक एन्झाइम तयार होतं. त्यातलं १३२व्या जागेवरचं एकच अमिनो आम्ल बदललं, की ते भलतंच रसायन बनवू लागतं. ते साचलं की इतर जनुकं चालू-बंद होण्याचं गणित बिघडतं.

तरीही ग्लायोमात हा शब्द दिसणं ही तुलनेने बरी बातमी. असे रुग्ण साधारणपणे जास्त वर्षं जगतात. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या वर्गीकरणात अशा गाठीला 'ग्लायोब्लास्टोमा' म्हणत नाहीत. पूर्वी काहींना म्हणत.

दुसरा शब्द, 'एमजीएमटी मिथायलेटेड'. औषधाने मोडलेला डीएनए दुरुस्त करणारं हे जनुक बंद पडलं असेल, तर ग्लायोब्लास्टोमात टेमोझोलोमाइडचा गुण जास्त येतो.

मुंबईला टाटा हॉस्पिटलला निघताना फक्त रिपोर्टची झेरॉक्स नेऊ नका. लॅबकडून गाठीचा मेणाचा ब्लॉक आणि स्लाइड्स मागून घ्या. पुढच्या चाचण्या त्यावरच होतात. आणि मे महिन्यात तो ब्लॉक गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. आपल्याकडच्या उन्हात मेण मऊ पडतं.