दृष्टिपटलाचे छायाचित्र आणि मधुमेहींची नेत्रतपासणी

मधुमेहामुळे दृष्टिपटलावरील सूक्ष्म रक्तवाहिन्या जीर्ण होतात. परंतु विकार बराच बळावेपर्यंत रुग्णास त्याची जाणीव होत नाही. वेळीच निदान झाल्यास पुष्कळांची दृष्टी राखता येते. म्हणून या विकाराचा इतिहास हा मुख्यत्वे तपासणीचा इतिहास होय.

१८५१ मध्ये हेल्महोल्ट्झने नेत्रदर्शक सिद्ध केला, तेव्हा पाहणारा व निदान करणारा एकच असे. १८८६ मध्ये जॅकमन व वेब्स्टर यांनी जिवंत माणसाच्या दृष्टिपटलाचे छायाचित्र घेतले आणि या दोन कामांच्या फारकतीचे बीज पडले. छायाचित्र एकाने घ्यावे, दुसऱ्याने वाचावे, हे शक्य झाले.

२०१८ मध्ये मुंबई महापालिकेच्या दवाखान्यांत डॉ. एस. नटराजन व सहकाऱ्यांनी हे वाचनही यंत्राकडे सोपवून पाहिले. स्मार्टफोनवरील ही प्रणाली इंटरनेटवाचून चालते. वाचनयोग्य छायाचित्रे मिळालेल्या २१३ जणांत तज्ज्ञांनी १५ जणांना पुढील उपचारांस पाठविण्याजोगे ठरविले. यंत्राने ते सर्व ओळखले. अर्थात १५ ही संख्या लहानच. शिवाय उरलेल्यांपैकी शेकडा सुमारे १२ जणांवर यंत्राने अकारण संशय घेतला.

याहून बोलकी नोंद निराळीच आहे. २५५ मधुमेहींपैकी २४ जणांनी तपासणीस संमतीच दिली नाही. रोजंदारी बुडेल, हे त्याचे एक प्रमुख कारण होते. पैठण तालुक्यातील पाचोडसारख्या गावी असे यंत्र नेताना हीच नोंद प्रथम ध्यानी घ्यावी लागेल. तज्ज्ञापर्यंतचे अंतर यंत्राने मिटेल. बुडालेल्या मजुरीचा प्रश्न मात्र त्याने सुटणार नाही.