डाव्या धमनीविना चाळीस वर्षं

हृदय हा आम्हा कवींचा लाडका विषय. ते जळतं, तुटतं, पाझरतं असं आम्ही पिढ्यान्‌पिढ्या लिहीत आलो. पण साऱ्या देहाला रक्त पुरवणाऱ्या या हृदयालाही स्वतःपुरतं रक्त लागतं, याचा विचार आम्ही फारसा केला नाही. महाधमनीच्या मुळाशी फुटणाऱ्या दोन धमन्या, एक डावी आणि एक उजवी, त्याला रक्त पुरवतात. काहींच्या हृदयात मात्र ही ठेवण जन्मतःच वेगळी असते.

अमेरिकेचा पीट मॅराविच हा असाच एक बास्केटबॉलपटू. जन्म १९४७चा. लुइझियाना राज्य विद्यापीठाकडून त्यानं ८३ सामन्यांत ३,६६७ गुण मिळवले. म्हणजे सामन्यामागे ४४.२. तिथल्या महाविद्यालयीन खेळात तीन गुणांची रेषा तेव्हा आलेलीही नव्हती. पुढं १९७० ते १९८० अशी दहा वर्षं तो व्यावसायिक संघांतून खेळला. ५ जानेवारी १९८८ रोजी कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेना इथं मित्रांबरोबर सहज खेळताना तो कोसळला आणि गेला. वय अवघं चाळीस. शवविच्छेदनात दिसलं, की त्याला डावी धमनी नव्हतीच! इतकी वर्षं उजवीनंच सारा भार वाहिला होता.

काहींच्या बाबतीत धमन्या दोन्ही असतात; पण डावी चुकून उजव्या बाजूला उगम पावते आणि दोन मोठ्या रक्तवाहिन्यांच्या मधून वाट काढते. तिचं तोंडही अनेकदा चिरेसारखं अरुंद असतं. एरवी निभावतं, जोराच्या श्रमात मात्र रक्त अडू शकतं. हे वैगुण्य किरकोळ नाही, असं डॉ. मेल्विन चेटलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली बजावलं.

२००० साली अमेरिका आणि इटलीतल्या संशोधकांनी अशा २७ तरुण खेळाडूंच्या मृत्यूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. धमनीचा उगम चुकीच्या जागी असलेले हे सारे ऐन खेळताना किंवा खेळ संपताच गेले होते. त्यांतल्या नऊ जणांचा ईसीजी आधी काढलेला होता, सहा जणांचा श्रमातलाही. सगळे नॉर्मल! पण दहा जणांना आधी भोवळ, छातीत दुखणं अशा खुणा जाणवल्या होत्या.

मला या आकड्यांतला शेवटचा आकडा फार छळतो. यंत्राच्या कागदावर जे उमटलं नाही, ते त्या दहा देहांनी सांगून पाहिलं होतं. आज इकोकार्डिओग्राफी आणि सीटी स्कॅननं धमनीचा उगम दिसू शकतो, गरजेनुसार शस्त्रक्रियाही होते. पण तपासणीला न्यायचं केव्हा, हे घरच्यांनी आणि प्रशिक्षकांनीच ओळखायचं असतं. ऐन धावताना पोर भोवळ येऊन पडलं, की आपण सहज म्हणतो, ‘ऊन लागलं असेल, सकाळी खाल्लं नसेल.’ असेलही तसं. पण तसं म्हणून त्याला पुन्हा मैदानात उतरवण्याआधी एकदा हृदयाच्या डॉक्टरांना दाखवावं.