मसाजचं काम सुरू करताय? रेट, कागदपत्रं आणि स्वतःचे हात सांभाळण्याचा हिशोब

बाळ-बाळंतिणीला तेल लावणारी बाई, तालमीत पहिलवानांची मालीश करणारा गडी, सलूनमधली डोक्याची चंपी... ही कामं आपल्या भागाला नवीन नाहीत. बदल एवढाच झालाय की याच कामाचे आता कोर्स निघालेत. बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगडकडची काही मुलं-मुली असा कोर्स करून, कोणी गोव्यातल्या स्पामध्ये वर्ष-दोन वर्षं काढून, गावाकडे स्वतःचं काम सुरू करण्याचा विचार करताहेत.

सुरुवातीची गिऱ्हाइकं नात्यातून, ओळखीतून मिळतात. कठीण भाग नंतर येतो. रेट कमी लावलेला असतो, तो भरून काढायला दिवसाला सहा-सात मसाज घेतले जातात, आणि मग अंगठा, मनगट, कंबर बोलायला लागते. या धंद्यात यंत्र नाही, माल नाही. भांडवल म्हणजे दोन हात. त्यामुळे हिशोब हातांपासूनच सुरू करावा लागतो.

आधी ठरवा, गिऱ्हाईक कोण

सगळ्यांना सगळं देतो म्हणणाऱ्याची ओळख कशासाठीच होत नाही. सुरुवातीला एक-दोन गट निवडा.

बाळ-बाळंतीण: पहिलं बाळंतपण माहेरी करण्याची पद्धत अजून आहे. पुण्यात किंवा पणजीत दिलेली लेक बाळंतपणाला बेळगावात येते आणि सव्वा महिन्याचं रोजचं काम एकदम मिळतं. पण ती दोन-तीन महिन्यांत सासरी जाते, म्हणजे हे गिऱ्हाईक टिकणारं नाही. टिकतं ते घर. त्याच घरातल्या आजीचे गुडघे, आईची पाठ, पुढच्या वर्षी धाकटी बहीण. सव्वा महिना संपायच्या आत त्या घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी तुमच्या हाताची सवय झालेली असावी.

वयस्कर मंडळी: आठवड्याला किंवा पंधरा दिवसांनी ठरलेला वार. रक्कम कमी दिसते, पण वर्षभर चालणारं हेच काम आहे.

खेळाडू: कुस्ती, कबड्डी, धावणं, सायकलिंग. बेळगावचा आनंदवाडी आखाडा असो की कोल्हापूरच्या तालमी, मालीश काय असते हे इथे समजावून सांगावं लागत नाही. मात्र हे काम हंगामी आहे. एकट्या त्यावर घर चालवण्याचा विचार करू नका.

रेट कसा काढायचा

बहुतेक जण शेजारच्यापेक्षा पन्नास रुपये कमी लावून सुरुवात करतात. कॉमर्सवाला म्हणून सांगतो, ही उलटी पद्धत आहे. आधी महिन्याला किती लागतात ते काढा. खालचे आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमचे तुम्ही घाला.

समजा घरखर्चाला ₹१८,००० हवेत. गाडीचा हप्ता, मोबाईल, टेबल आणि चादरींची झीज धरून ₹६,०००. आजारपण आणि रिकाम्या दिवसांसाठी बाजूला ₹३,०००. एकूण ₹२७,०००.

आता हातांची ताकद. दिवसाला ४ मसाज, आठवड्याला ५ दिवस, चार आठवडे म्हणजे ८०. यातले सगळे भरत नाहीत. कोणी रद्द करतं, कोणाकडे लग्न असतं. ७० टक्के धरले तर ५६.

₹२७,००० भागिले ५६, म्हणजे एका मसाजमागे साधारण ₹४८२. त्यात तेल, धुलाई, पेट्रोल यांचे ₹११० मिळवले की ₹५९२. म्हणजे तासाच्या मसाजचा रेट ₹६०० ठेवला तर गाडी जेमतेम रुळावर राहते.

हाच मसाज ₹४०० ला दिला तर काय होतं बघा. खर्च वजा जाता उरतात ₹२९०. ₹२७,००० गाठायला महिन्याला ९४ मसाज करावे लागतील. तुमची मर्यादाच ८० ची आहे. म्हणजे एकही बुकिंग रद्द झालं नाही तरी हिशोब बसत नाही. जो बसवायला जातो, त्याचं शरीर ते पैसे भरतं.

रेट कमी करायचाच असेल तर वेळ कमी करा. फक्त पाठ-मान अर्धा तास, फक्त पाय अर्धा तास. सव्वा महिन्याचं काम ठरवताना निम्मी रक्कम आगाऊ घ्या आणि सुट्टीचे दिवस आधीच बोलून घ्या. बाळंतिणीचं काम रोजचं असतं, म्हणून तुमच्यासारखंच काम करणारी एक बदली बाई ठरवून ठेवा. तुम्ही तिच्या अडचणीला, ती तुमच्या.

हात सांभाळा

- टेबलाची उंची: बाजूला ताठ उभं राहून हात मोकळा सोडला की मुठीची बोटं टेबलाला लागावीत. घरी जमिनीवर वाकून केलेलं काम कंबर घेऊन जातं.
- सगळा जोर अंगठ्यावर टाकू नका. कोपरापर्यंतचा हात, तळवा आणि शरीराचं वजन वापरा. मनगट सरळ ठेवा.
- दोन मसाजमध्ये किमान पंधरा मिनिटं ठेवा. पाणी, हात धुणं, चादर बदलणं आणि वहीत नोंद त्यातच होते.
- बोटांना मुंग्या येणं, रात्री मनगट दुखणं सुरू झालं तर तेव्हाच डॉक्टरांना दाखवा. महिनाभर रेटून पुढे सहा महिने घरी बसणं परवडत नाही.

कधी मसाज करायचा नाही

नाही म्हणता येणं हा धंद्याचाच भाग आहे. ताप, त्वचेचा संसर्ग, उघडी जखम, नुकतं मोडलेलं हाड, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया यांत थांबायचं. एका पायाची पोटरी सुजलीय, दुखतेय, गरम लागतेय असं दिसलं तर त्या पायाला हात लावू नका. आतल्या शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. बाळंतपणानंतर हा धोका नेहमीपेक्षा जास्त असतो. अशा वेळी "आधी डॉक्टरांकडे जा" एवढं सांगणं हेच काम.

सिझेरियन झालं असेल तर डॉक्टरांनी होकार दिल्याशिवाय पोटाला मालीश नाही. बाळ कमी वजनाचं किंवा दिवस भरायच्या आधी झालेलं असेल तर आधी बालरोगतज्ज्ञांना विचारा. दूध पाजल्यावर लगेच मालीश नको. बाळाच्या नाकात-कानात तेल घालणं, डोकं दाबून गोल करणं, पाय धरून उलटं लोंबकळवणं हे घरातल्या मोठ्यांनी सांगितलं तरी करायचं नाही. आजींना न दुखावता हे सांगता आलं पाहिजे. "डॉक्टरांनी नको म्हटलंय" हे वाक्य सहसा चालून जातं, पण त्याआधी खरंच डॉक्टरांना विचारलेलं असावं.

प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक कार्ड ठेवा: वय, बीपी-शुगर, ऑपरेशन, चालू गोळ्या, कशाची ॲलर्जी. नवीन तेल वापरण्यापूर्वी हातावर थोडं लावून बघा.

आणि आपण डॉक्टर नाही, फिजिओथेरपिस्टही नाही. तसं कार्डावर छापू नका. "स्लिप डिस्क बरी करतो" असली जाहिरात अंगाशी येते.

कागदपत्रं: सीमेच्या अलीकडे आणि पलीकडे

उद्यम नोंदणी: केंद्राची, आधारवर होणारी, ऑनलाइन आणि पूर्ण मोफत. यासाठी एजंटला पैसे देऊ नका.

जीएसटी: सेवा देणाऱ्याला वर्षाची उलाढाल ₹२० लाखांच्या पुढे गेल्यावर नोंदणी लागते. वरच्या उदाहरणात ५६ मसाज × ₹६०० × १२ महिने म्हणजे ₹४,०३,२००. मर्यादेच्या कितीतरी खाली. आपल्याकडे नेहमी येणारी शंका अशी की बेळगावातून चंदगडला किंवा गोव्याला जाऊन काम केलं तर? वस्तू विकणाऱ्यांचे नियम वेगळे आहेत, पण सेवा देणाऱ्यांना ऑक्टोबर २०१७ पासून राज्याबाहेरच्या कामासाठीही ₹२० लाखांपर्यंत नोंदणीची सक्ती नाही.

दुकान-आस्थापना: गाळा घेऊन सेंटर उघडलं तर हा विषय येतो. कर्नाटकात १९६१ चा कायदा आहे. महाराष्ट्रात २०१७ चा असून तिथे मोजके कामगार असलेल्यांना नोंदणीऐवजी फक्त सूचना द्यावी लागते. सोबत महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीचा व्यवसाय परवाना. गोव्यात पंचायत किंवा पालिकेबरोबर आरोग्य खात्याकडेही आधी चौकशी करा.

पाटी: कर्नाटकात २०२४ च्या दुरुस्तीनुसार पाटीवर ६० टक्के मजकूर कन्नडमध्ये हवा. महाराष्ट्रात मराठी देवनागरीत आणि इतर भाषांपेक्षा लहान नसलेल्या अक्षरांत. पाटी रंगवण्याआधी बघा, दोनदा खर्च होणार नाही.

प्रमाणपत्र: ब्यूटी अँड वेलनेस सेक्टर स्किल कौन्सिलच्या अभ्यासक्रमांत स्पा थेरपिस्ट हा कोर्स आहे. कोर्सची फी भरण्याआधी प्रमाणपत्र नक्की कोण देणार हे विचारा. राज्य बदललं तर खासगी क्लासच्या कागदापेक्षा असं प्रमाणपत्र दाखवायला सोपं जातं.

नाव आणि सुरक्षितता

"मसाज सेंटर" म्हटलं की घरमालक बिचकतात. त्याला कारण आहे. १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्यात जागा देणारासुद्धा अडकू शकतो. म्हणून भाडेकरार लेखी करा, कामाचं स्वरूप त्यात स्पष्ट लिहा, दर्शनी भागात रेटबोर्ड लावा, वेळ ठरलेली ठेवा, पावती द्या. महिलांसाठी महिला, पुरुषांसाठी पुरुष असा नियम ठेवला तर आपल्या गावांत विश्वास लवकर बसतो.

घरी जाऊन काम करणाऱ्या महिलांनी पहिल्या भेटीला ओळखीचा संदर्भ मागावा, पत्ता आणि परतायची वेळ घरी कळवावी. कोणी नको ते बोललं तर सामान उचलून निघावं, पैशांचा विचार नंतर. तातडीला ११२, महिलांसाठी १८१. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या स्पामध्ये नोकरी असेल आणि छळ झाला, तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. मालकाविरुद्धची तक्रारही तिथेच जाते.

कर्ज आणि विमा

पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत. त्यात नाभिक आहे, मसाज नाही. कोणी त्या नावाने फॉर्म भरून देतो म्हणालं तर सावध राहा. मुद्रा योजनेत शिशु गटात ₹५०,००० पर्यंत कर्ज मिळतं. टेबल, चादरी, तेल यासाठी तेवढं पुरतं. सुरुवातीलाच गाळा, एसी, फर्निचर यांसाठी मोठं कर्ज काढू नका. वर्षभर घरोघरी काम करून ठरलेली गिऱ्हाइकं जमली की मग गाळ्याचं बघा.

हात चालले नाहीत तर उत्पन्न थांबतं, म्हणून प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना घ्याच. वर्षाला ₹२० मध्ये ₹२ लाखांचा अपघात विमा, वय १८ ते ७०. असंघटित कामगार म्हणून ई-श्रम नोंदणीही करून ठेवा.

पहिल्या वर्षी वहीत काय लिहायचं

रोज चारच गोष्टी: किती मसाज केले, किती पैसे आले, किती खर्च झाला, आणि आलेलं गिऱ्हाईक नवीन की जुनं. दर महिन्याला शेवटचा रकाना मोजा. जुन्यांची संख्या वाढत असेल तर धंदा बसतोय. सगळे नवीनच येत असतील आणि परत कोणी फिरकत नसेल, तर जाहिरातीवर खर्च वाढवण्याआधी दोन-तीन जुन्या गिऱ्हाइकांना फोन करून कारण विचारा. आणि ८० ची मर्यादा ओलांडायची वेळ आली तर जास्तीचे तास घेऊ नका. तीच रेट वाढवायची किंवा जोडीला एक माणूस घ्यायची वेळ.