दुधातील विषाणूचा शोध : बार हार्बर ते परळ

स्तनाच्या कर्करोगामागे एखादा सूक्ष्मजीव असावा, ही शंका बळावली ती उंदरांच्या वंशावळींमुळे. अमेरिकेतील मेन राज्यात बार हार्बर येथे जॅक्सन प्रयोगशाळा आहे. पिढ्यान्‌पिढ्या आपसांतच वीण होऊ दिलेल्या उंदरांत या रोगाची प्रवृत्ती मुख्यतः आईकडून येते, बापाकडून फारशी येत नाही, असे तेथील संशोधकांना १९३३ साली आढळले. तेव्हा केवळ गुणसूत्रांनी तिचा उलगडा होणार नव्हता. जॉन बिटनर यांनी रोगप्रवण वाणाची पिल्ले जन्मताच निरोगी वाणाच्या मादीला पाजायला लावली, त्याबरोबर त्यांच्यातील गाठींचे प्रमाण खूप घटले, आणि हा निष्कर्ष १९३६ साली प्रसिद्ध झाला. दुधातून जाणाऱ्या या कारकाला बिटनर बराच काळ विषाणू म्हणत नव्हते, कारण पेटन राउस यांनी १९११ सालीच कोंबड्यांतील अर्बुदाचा, म्हणजे गाठीचा, विषाणू दाखवून दिला असला तरी वैद्यकविश्वाला ती कल्पना रुचलेली नव्हती. हा कारक म्हणजे रेट्रोव्हायरस, अर्थात आपल्या आरएनएची प्रत डीएनएमध्ये उतरवून ती यजमान पेशीच्या गुणसूत्रात घुसवणारा विषाणू, हे पुढे स्पष्ट झाले.

माणसातील शोधाचा एक महत्त्वाचा अध्याय मुंबईत घडला. आपसांतच विवाह करणाऱ्या लहानशा पारशी समाजातील स्त्रियांत हा रोग इतर भारतीय स्त्रियांपेक्षा अधिक आढळत असल्याने तेथील परळ भागातील संशोधक सत्यवती सिरसाट, जे. सी. पेमास्टर आदींनी अमेरिकेतील डॅन मूर यांच्यासह पारशी स्त्रियांच्या दुधाचे नमुने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. १९७१ साली 'नेचर'मध्ये आलेल्या या अभ्यासात सुमारे ३९ टक्के पारशी स्त्रियांच्या दुधात उंदरांच्या विषाणूसारखे कण दिसले. परंतु आकाराचे साम्य हा कारणाचा पुरावा नव्हे, आणि असे कण निरोगी स्त्रियांच्या दुधातही होते. शिवाय पारशी स्त्रियांचे उशिरा होणारे विवाह आणि कमी अपत्ये यांनीही रोगाच्या प्रमाणाचा बराचसा अर्थ लागत होता.

न्यूयॉर्कमध्ये बीआट्रिझ पोगो यांच्या गटाने १९९५ साली मानवी गाठींत उंदरांच्या विषाणूशी जुळणारे जनुकीय तुकडे सापडल्याचे जाहीर केले, तेव्हा प्रश्न पुन्हा पुढे आला. मात्र इतर अनेक प्रयोगशाळांना ते आढळले नाहीत, आणि नमुन्यांत उंदराचा डीएनए मिसळल्याची शंका आजही फिटलेली नाही. या साऱ्या धडपडीत दुधाविषयी मातांच्या मनात भीती रुजली असती तर ती मोठी हानी ठरली असती, कारण लहानपणी अंगावर पिण्याने मुलीचा धोका वाढत नाही आणि बाळाला पाजल्याने आईचा धोका उलट कमी होतो, असेच लोकसंख्येच्या अभ्यासांतून दिसते. कोणताही विषाणू वा जीवाणू मानवी स्तनकर्करोगाचे कारण म्हणून आजवर सिद्ध झालेला नाही.