केसपेपर खरं बोलतो का?

आजची गोष्ट घाटीच्या खिडकीपासून सुरू करू. छत्रपती संभाजीनगरात सरकारी दवाखान्याला सगळे घाटीच म्हणतात. रांगेत एक आजी आहे असं समजा. आतून प्रश्न येतो, "वय?" आजी मुलाकडे बघते. मुलगा म्हणतो, "लिहा साठ." "पत्ता?" गाव जालना जिल्ह्यातलं, पण मुलगा सिडकोत राहतो. मग लिहा सिडको. झाला केसपेपर! उपचाराला एवढं पुरतं. पण उद्या कुणी याच कागदावरून संशोधन करायला बसलं तर?

हा प्रश्न आपल्या शहराला जुनाच आहे. १९६३ साली इंडियन कॅन्सर सोसायटीने डॉ. डी. जे. जस्सावाला यांच्या पुढाकाराने मुंबईत कर्करोग नोंदणी सुरू केली. देशातली अशी ती पहिलीच. पुढे १९७८ मध्ये औरंगाबादची नोंदणी सुरू झाली. काम कसं चालायचं? दवाखान्यांनी रुग्ण कळवलाच पाहिजे, अशी सक्ती नव्हती. म्हणून नोंदणीची माणसंच दवाखाने आणि लॅब फिरायची, फायली चाळायची, मृत्यूच्या नोंदी बघायची.

गोची इथेच. एकच रुग्ण तीन दवाखान्यांत जातो, तीन फायली होतात. नाव नीट जुळवलं नाही, तर एकाचे तीन रुग्ण! शिवाय नोंदणीत मोजायचे फक्त त्या भागाचे रहिवासी. म्हणजे उपचारापुरती आलेली आपली आजी मोजायची नाही, पण मुंबईला गेलेला इथला रुग्ण मात्र सुटता कामा नये.

मग फायलींवर भरवसा किती ठेवायचा? एक जुनी युक्ती आहे. तीच फाइल दोघांना वेगवेगळी वाचायला द्यायची. दोघांनी टिपलेलं जुळलं, तर ती विश्वासार्हता. नुसत्या योगायोगानेही काही जुळतंच. ते वजा करणारं 'कप्पा' नावाचं माप जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये मांडलं.

पण थांबा. आजीचा केसपेपर दोघांना दिला, तर दोघंही सिडकोच लिहिणार. शंभर टक्के जुळलं, आणि तरीही चूक! कागद खऱ्याशी जुळतो का, हा प्रश्न वेगळा. ती वैधता. म्हणून नोंदणीवाले विचारतात: किती निदानं सूक्ष्मदर्शकाखाली पक्की झाली? किती रुग्ण फक्त मृत्यूच्या दाखल्यावरून कळले? असे खूप निघाले, तर ते जिवंत असताना आपल्या नजरेतून सुटले होते.

आणि फाइलच नसेल तर? बार्शीत १९८७ साली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली, तेव्हा हाच पेच होता. खेड्यातली बाई दवाखान्यापर्यंत पोचतच नव्हती. मग कार्यकर्ते बार्शी, परांडा, भूम तालुक्यांतल्या गावोगावी गेले, लोकांशी बोलले, लक्षणं विचारली. बायकांमध्ये गर्भाशयमुखाचा कर्करोग सर्वांत जास्त दिसला. पुढे १९९९ मध्ये धाराशिव जिल्ह्यात १,३१,७४६ स्त्रियांचा मोठा अभ्यास सुरू झाला. २००९ साली निकाल आला: एचपीव्हीची एकदाच केलेली तपासणीसुद्धा या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आणते. कोण आजारी पडलं, कोण गेलं, हे नीट नोंदलं नसतं, तर हे कळलंच नसतं.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी घरच्यांना घेऊन खिडकीवर उभे राहाल, तेव्हा आधार कार्डावरचं वय बघून सांगा, कायमचा पत्ता द्या, जुनी फाइल सोबत न्या. दोन मिनिटं जास्त लागतील, लागू द्या. भेटू पुढच्या भागात!