लिटल रॉकचा सुपरिंटेंडेंट

आपला शिक्षणाधिकारी सरकारचा नोकर. अमेरिकेतल्या शाळा-जिल्ह्याचा सुपरिंटेंडेंट स्थानिक शाळामंडळाचा. मंडळ बहुधा मतदार निवडतात. तेव्हा न्याय करायचा तो गोऱ्या बहुसंख्येची मर्जी राखून! लिटल रॉकच्या व्हर्जिल ब्लॉसमने तेच केले. १९५४ साली सुप्रीम कोर्टाने शाळांतला वर्णभेद घटनाबाह्य ठरवला. ब्लॉसमची योजना ‘हळूहळू’ची, आपल्या चांगल्या ओळखीची. सुरुवात एकट्या सेंट्रल हायस्कूलपासून. सुखवस्तू गोऱ्यांच्या वस्तीतले नवे हॉल हायस्कूल गोऱ्यांपुरतेच. काळी मुले चाळून चाळून घेतली. १९५७ साली उरली नऊ. त्यांनाही गव्हर्नर फॉबसच्या सैनिकांनी दारात अडवले. अध्यक्ष आयझेनहॉवरना लष्कर धाडावे लागले. १९५८-५९ साली हायस्कुलेच बंद राहिली. आणि गोऱ्यांना इतके सांभाळणाऱ्या ब्लॉसमलाही मंडळाने नोव्हेंबर १९५८ मध्ये घरी बसवले.