चिमन सिंग आणि 10 डिसेंबरची दुपार

1971 चं युद्ध आणि नौदल म्हटलं की आपल्याला कराचीवरचा हल्ला आठवतो, नाहीतर 'खुकरी'चे कॅप्टन मुल्ला. आजची गोष्ट मात्र एका खलाशाची. लीडिंग सीमन चिमन सिंग, मूळचे हरियाणाचे. महावीर चक्र मिळालेले अनेक नौदल अधिकारी सापडतात, पण अधिकारी नसलेले हे एकटेच.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. बांगलादेशातल्या तरुणांना आपलं नौदल पश्चिम बंगालमध्ये प्लासीजवळ नदीत पोहायला आणि जहाजाच्या तळाला सुरुंग चिकटवायला शिकवत होतं. ऑगस्टमध्ये याच पोरांनी चितगाव, मोंगला, चांदपूर आणि नारायणगंज इथली जहाजं एकाच वेळी उडवली.

डिसेंबरमध्ये युद्ध उघड सुरू झालं आणि कमांडर सामंत तीन बोटी घेऊन मोंगला-खुलनाकडे निघाले. हे सामंत आपले मराठी. एक बोट नौदलाची, 'पनवेल'. हो, आपलंच पनवेल! 'पद्मा' आणि 'पलाश' या दोन मुक्तिवाहिनीच्या. मूळच्या कोलकाता बंदराच्या साध्या बोटी, त्यांच्यावर तोफा बसवलेल्या. चिमन सिंग अशाच एका बोटीवर होते.

10 डिसेंबरला दुपारच्या सुमारास बोटी खुलनाजवळ पोचल्या आणि वर विमानं दिसली. विमानं आपलीच, भारतीय हवाई दलाची. ओळख पटावी म्हणून बोटींचा वरचा भाग पिवळा रंगवलेला होता. तरीही वैमानिकांना त्या शत्रूच्या वाटल्या. 'पद्मा' आणि 'पलाश' दोन्ही गेल्या.

माणसं नदीत पडली, तर काठावरून पाकिस्तानी सैनिक गोळ्या झाडायला लागले. चिमन सिंगांच्या अंगात छर्रे घुसले होते. तशा अवस्थेत त्यांना एक अधिकारी आणि एक खलाशी बुडताना दिसले. ते पोहत त्यांच्यापर्यंत गेले आणि त्यांना काठाकडे घेऊन आले. काठावर शत्रू! मग हा माणूस उठून सरळ शत्रूवर धावून गेला. सगळ्या बंदुका त्यांच्याकडे वळल्या आणि तेवढ्यात दोघं सोबती निसटले. चिमन सिंग पकडले गेले. सुटले ते थेट बांगलादेश स्वतंत्र झाल्यावर.

'पलाश'वरचे इंजिनरूममधले रुहुल अमीन यांच्या नशिबात तेही नव्हतं. ते त्याच दिवशी गेले. बांगलादेशचा सर्वोच्च 'बीर श्रेष्ठ' सन्मान फक्त सात जणांना मिळाला, त्यातले ते एक.

आता खटकणारी गोष्ट. चिमन सिंगांच्या पदकाच्या सरकारी मजकुरात बोट शत्रूने बुडवली असं आहे. युद्ध नुकतंच संपलेलं, आपल्याच विमानांचं नाव कोण लिहिणार? समजू शकतं. पण मी सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडे बिघाडाचं खरं कारण नोंदवलं नाही, तर तोच बिघाड पुन्हा होतो. इथे तर माणसं गेलीत. ती कशी गेली हे त्यांच्या घरच्यांना आणि पुढच्या वैमानिकांना, दोघांनाही कळायला हवं. आणि खरं सांगितल्याने चिमन सिंगांचं शौर्य तसूभरही कमी होत नाही. बोट कुणीही बुडवलेली असो, नदीत त्या दोघांकडे वळायचं हा निर्णय त्यांचा स्वतःचा होता.

तुमच्या ओळखीत नौदलातून निवृत्त झालेले कुणी असतील, तर त्यांना खुलनाबद्दल जरूर विचारा. भेटू पुढच्या भागात!